लोकशाहीर अण्णाभाऊ साठे आणि पोटासाठी गाव सोडणारी माणसे

दरवर्षी १ ऑगस्ट रोजी नांदेड आणि लातूर ह्या दोन्ही जिल्ह्यांत साहित्यरत्न लोकशाहीर अण्णाभाऊ साठे ह्यांची जयंती मोठ्या प्रमाणावर साजरी होते. दोन्ही शहरांत त्यांच्या नावाचे चौक आहेत. गावोगावच्या वस्त्यांत त्या दिवशी प्रतिमेला हार घातले जातात, हलगी वाजते, सायंकाळी मिरवणूक निघते. ह्या मिरवणुकीत चालणाऱ्यांपैकी पुष्कळ जण तीन महिन्यांनी गावात नसतात. दिवाळीच्या मागेपुढे मुखेड, कंधार, लोहा, जळकोट, अहमदपूर ह्या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातील कितीतरी घरांना कुलपे लागतात. घरात उरतात ती म्हातारी माणसे, आणि कधी कधी त्यांच्या पदराला धरून राहिलेली लहान मुले. बाकीचे सारे ऊसतोडीला, वीटभट्टीवर किंवा पुणे, मुंबई, हैदराबाद येथील बांधकामांवर गेलेले असतात.

अण्णाभाऊंना आपण कादंबरीकार म्हणून ओळखतो, शाहीर म्हणून ओळखतो, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातील एक आघाडीचा आवाज म्हणून ओळखतो. ह्या सर्वांच्या अगोदर ते पोटासाठी गाव सोडलेले एक मजूर होते. ही त्यांची पहिली ओळख जयंतीच्या गुलालात काहीशी झाकली जाते. म्हणून ह्या लेखात आम्ही त्यांचे चरित्र त्याच बाजूने सांगणार आहोत. अण्णाभाऊ कम्युनिस्ट होते, हे झाकून ठेवण्याचे आम्हास काही कारण दिसत नाही. ज्या चाळींत आणि झोपड्यांत ते राहिले, तेथे भुकेल्या कामगाराच्या दारात प्रथम कोण येऊन उभे राहिले, हा प्रश्न मनात ठेवला म्हणजे त्या निष्ठेचा उलगडा होतो.

त्यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगाव येथे झाला. हे गाव त्या काळी सातारा जिल्ह्यात होते. आज ते सांगली जिल्ह्याच्या वाळवा तालुक्यात येते. नाव ठेवले होते तुकाराम. वडील भाऊराव, आई वालुबाई, जात मांग. इंग्रज सरकारने ह्या समाजातील अनेक कुटुंबांना गुन्हेगार जमाती कायद्याखाली आणून हजेरीच्या बंधनात जखडले होते. माणसाने कोठे जावे, कोठे निजावे, ह्याचा हिशेब चावडीवर द्यावा लागे. गावात पोटापुरते काम नाही आणि गाव सोडण्याची मोकळीकही नाही, असा तो दुहेरी काच होता. भाऊराव मुंबईत नोकरी करीत आणि घरी पैसे पाठवीत. म्हणजे तुकारामाचे बालपण दूरच्या शहरातून येणाऱ्या पैशांवर आणि त्या पैशांच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या आईच्या सोबतीने गेले. मराठवाड्यातील आमच्या कित्येक वाचकांना हे चित्र परके वाटणार नाही.

शाळेशी त्यांचा संबंध अवघ्या दीड दिवसाचा. मास्तरांची वागणूक आणि जातीची हेटाळणी ह्यांमुळे तो तेथेच तुटला. पुढे ज्यांनी तीसहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या, त्यांचे शालेय शिक्षण एवढेच.

१९३१ च्या सुमारास भाऊरावांनी सारे कुटुंब मुंबईस नेण्याचे ठरविले. गाडीभाड्याला पैसे नव्हते, म्हणून सर्व जण चालत निघाले. वाटेगाव ते मुंबई हे अंतर सुमारे सव्वादोनशे मैलांचे सांगितले जाते. त्या वेळी तुकाराम अकरा वर्षांचा होता. वाटेत मिळेल ते काम करायचे, त्यावर दोन दिवस पोट भरायचे आणि पुढची वाट धरायची, असा तो प्रवास होता. मुंबईत भायखळ्याला चाळीतील एका खोलीत बिऱ्हाड लागले. मुलाने कोळसा वाहिला, कापड विकणाऱ्या फेरीवाल्याच्या मागे गाठोडे घेऊन फिरला, पुढे कापडगिरणीत लागला. अक्षरओळख झाली ती दुकानांच्या पाट्यांवरून आणि सिनेमाच्या जाहिरातींवरून. रस्त्याने जाताना एकेक अक्षर जुळवीत तो वाचावयास शिकला.

त्या काळच्या मुंबईविषयी येथे थोडे सांगणे आवश्यक आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास शहरातील कापडगिरण्यांत दोन लाखांच्या आसपास कामगार होते आणि त्यांतील बहुसंख्य बाहेरून आलेले होते. रत्नागिरीचे कोकणी होते, सातारा-सांगलीकडचे घाटी होते, उत्तर भारतातील भैये होते. कायम नोकरी न मिळालेला माणूस बदली कामगार म्हणून रोज पहाटे गिरणीच्या दरवाजावर उभा राही. कोणी गैरहजर असेल तर त्या दिवसाचे काम, नाहीतर रिकाम्या हाती परत. एका खोलीत दहा-पंधरा जण पाळीपाळीने झोपत. जेवण खाणावळवाल्या बाईकडे. पगार झाला की पहिले काम टपाल कचेरीत जाऊन गावी मनिऑर्डर करण्याचे. कोकण आणि घाटावरील कितीतरी गावांचा शेतसारा, सावकाराचे व्याज, मुलीचे लग्न, घरावरची कौले ही त्या मनिऑर्डरीवर चालत. त्याच शहरात, माझगाव आणि धोबीतलाव भागात, जहाजांवर काम करणारे गोव्याचे खलाशी आपापल्या गावाच्या नावाने चालणाऱ्या कुडांमध्ये राहत असत. सफरीहून परतलेला माणूस पुढच्या जहाजाची वाट पाहत तेथे पथारी टाकी. गिरणीतला सातारकर आणि जहाजावरचा गोवेकर ह्यांची भाषा, धर्म, अन्न वेगळे होते. पेटीत ठेवलेली घरची पत्रे मात्र दोघांनाही सारखीच वाटत असावीत, असे आम्हास वाटते.

मंदी आली, काम सुटले आणि कुटुंब पुन्हा वाटेगावी परतले. शहर गरज असेपर्यंत ठेवून घेते, गरज संपली की गावाकडे धाडते, हा अनुभव अण्णाभाऊंना कोवळ्या वयात आला. गावी ते चुलतभाऊ बापू साठे ह्यांच्या तमाशात उतरले. ढोलकी, गण-गवळण, वग ह्यांचे त्यांचे शिक्षण तेथे झाले. काही वर्षांनी ते परत मुंबईत आले आणि माटुंग्याच्या लेबर कॅम्पमध्ये राहू लागले. हा कॅम्प म्हणजे दलदलीच्या काठची कष्टकऱ्यांची वस्ती. तेथे डासांचा एवढा उपद्रव होता की, अण्णाभाऊंनी आपले पहिले गाणे रचले ते डासांवरच! पुढच्या सर्व मोठ्या लेखनाचा आरंभ अशा साध्या तक्रारीतून झाला, ही गोष्ट आम्हास फार बोलकी वाटते.

पक्षाच्या सभांतून त्यांची शाहिरी वाढत गेली. स्टालिनग्राडच्या लढाईवरील त्यांच्या पोवाड्याने त्यांचे नाव सर्वत्र झाले. १९४४ साली त्यांनी शाहीर अमर शेख आणि शाहीर दत्ता गवाणकर ह्यांच्यासह लाल बावटा कलापथक स्थापिले. गिरण्यांच्या आवारात, मैदानांत, चाळींच्या चौकांत हजारो कामगार त्यांचे कार्यक्रम ऐकावयास जमत. तमाशातील गणात देवाला वंदन करण्याची रीत. अण्णाभाऊंनी तेथे मातृभूमीला आणि श्रमिकाला वंदन केले. सरकारने ह्या कलापथकावर बंदी घातली, तेव्हाही कार्यक्रम थांबले नाहीत.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांची माझी मैना ही लावणी अजरामर झाली. मराठवाड्यात ती आजही गायिली जाते. परंतु ऐकताना तिच्या दोन पदरांपैकी बहुधा एकच आपल्या ध्यानात येतो. बेळगाव, कारवार, निपाणी हा भाग महाराष्ट्राबाहेर राहिल्याचे दुःख तीत आहे, हे सर्वांना ठाऊक असते. त्या दुःखाला शब्द देणारा माणूस मात्र आहे गरिबीने गावाबाहेर पडलेला एक मजूर. बायकोला मागे ठेवून तो मुंबईस येतो. पैसा मिळवून तिला दागिन्यांनी मढविण्याचे त्याचे स्वप्न असते. शहरात पोहोचल्यावर खिसा रिकामा, अंगावर फाटके कपडे आणि झोपायला रस्ता अशी त्याची गत होते. एका राज्याचा तुटलेला प्रदेश समजावून सांगण्यासाठी अण्णाभाऊंना स्थलांतरिताच्या तुटलेल्या घराची उपमा घ्यावीशी वाटली, कारण समोर बसलेल्या हजारोंना ती तत्काळ कळणार होती. नांदेड आणि लातूरकडील मुलूख त्या वेळी हैदराबाद संस्थानातून सुटून नुकताच आलेला होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. उदगीर, देगलूरकडील लोकांचे सोयरेसंबंध बिदर-भालकीपर्यंत पसरलेले असल्यामुळे सरहद्दीने घर कसे दुभंगते, हे त्यांना सांगावे लागत नाही.

ह्या विषयावर त्यांनी लिहिलेली सर्वांत भेदक गोष्ट म्हणजे स्मशानातील सोनं ही कथा. भीमा नावाचा दांडगा, कष्टाळू माणूस वारणेकाठचे गाव सोडून मुंबईच्या उपनगरात येतो. दगडाच्या खाणीत त्याला काम मिळते, संसार स्थिरावतो, आणि एके दिवशी खाण बंद पडते. उपाशी फिरत असताना स्मशानातील राखेत त्याला सोन्याचा कण सापडतो आणि तोच त्याचा धंदा होऊन बसतो. बायको घाबरते, विनवते. तो ऐकत नाही. शेवटी एका प्रेताच्या जबड्यात त्याची बोटे अडकतात आणि ती कायमची गमवावी लागतात. त्याच वेळी बातमी येते की बंद पडलेली खाण पुन्हा सुरू होणार आहे. दगड फोडणाऱ्या माणसाच्या हाताला आता बोटे नाहीत! कथेत कोणी दुष्ट सावकार नाही, कोणी राक्षस नाही. खाण कोणी बंद केली आणि कोणी उघडली, हेसुद्धा भीमाला कळत नाही. काम कोठून येते आणि कोठे जाते, हे त्याला कधीच दिसत नाही. परमुलखात मजुरीला गेलेल्या माणसाची असहायता मराठीत इतक्या थोड्या पानांत क्वचितच आली असेल.

१९५९ साली फकिरा ही कादंबरी प्रसिद्ध झाली. वि. स. खांडेकरांनी तिला प्रस्तावना लिहिली, आणि अण्णाभाऊंनी ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीस अर्पण केली. १९६१ साली तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी ते सोव्हिएत रशियाला गेले आणि परतल्यावर माझा रशियाचा प्रवास हे पुस्तक लिहिले. लहानपणी भाड्याअभावी पायी मुंबई गाठणारा मुलगा आता विमानाने मॉस्कोस पाहुणा म्हणून गेला होता. वैजयंता, फकिरा अशा त्यांच्या कादंबऱ्यांवर मराठी चित्रपट निघाले, ते चालले. त्यांची पुस्तके खपत होती.

तरीही अण्णाभाऊ घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीतील एका झोपडीत राहत होते आणि फकिरासारखे लेखन त्यांनी तेथेच केले. त्यांच्या लेखणीवर प्रकाशक, चित्रपटवाले आणि सभांचे आयोजक पोट भरीत होते. तिच्या मालकाच्या घरी मात्र चूल पेटण्याची भ्रांत होती. गिरणीतील कापडाचे जे होई, तेच लेखनाचेही झाले. कापड विणणाऱ्याच्या अंगावर नवे कापड नसे. अखेरीस शासनाकडून त्यांना गोरेगावला लहानसे घर मिळाले, परंतु तोपर्यंत शरीर खचले होते. दारिद्र्य, एकटेपणा आणि व्यसन ह्यांनी शेवटची वर्षे काळवंडली. १८ जुलै १९६९ रोजी, वयाची पन्नाशी गाठण्यापूर्वीच, त्यांचे निधन झाले. आपल्या हयातीत त्यांना उपेक्षाच अधिक मिळाली. २००२ साली त्यांचे टपाल तिकीट निघाले आणि सप्टेंबर २०२२ मध्ये मॉस्को येथील परदेशी साहित्याच्या ग्रंथालयात त्यांचा पुतळा उभा राहिला. हे सन्मान उचितच आहेत. चिरागनगरात राहणाऱ्या अण्णाभाऊंना वेळेवर मानधन मिळाले असते, तर ते अधिक उचित झाले असते, एवढे म्हटल्यावाचून आम्हास राहवत नाही.

आता आपल्या दोन जिल्ह्यांकडे वळू. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिली गाडी १२ एप्रिलला पोहोचली. ते पाणी कृष्णेचे होते, आणि वारणा मिरजेच्या वरच्या अंगाला, सांगलीजवळ हरिपूर येथे कृष्णेला मिळते. अण्णाभाऊंच्या खोऱ्यातील पाणी असे लातूरकरांच्या घागरीत आले. त्याच काळात त्या पाण्याच्या उलट दिशेने लातूर-नांदेडची माणसे कृष्णा-वारणेच्या काठी ऊस तोडावयास जात होती आणि आजही जातात. ज्या वाळवा तालुक्यातून अण्णाभाऊंचे कुटुंब उपाशी निघाले, तेथे आज साखर कारखान्यांच्या चिमण्या आहेत आणि तेथील फडात मराठवाड्याचा कोयता चालतो. इतिहासाने दिशा तेवढी बदलली आहे.

हा व्यवहार कसा चालतो, हे शहरातील वाचकांसाठी सांगतो. पावसाळा संपता संपता मुकादम गावात येतो आणि जोडप्याला उचल देतो. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो. ही रक्कम पन्नास हजारांपासून लाखापर्यंत आणि त्याहून अधिकही असते. ती अगोदरच्या कर्जात, लग्नात किंवा दवाखान्यात संपून जाते आणि मग पुढचे पाच-सहा महिने ती फेडण्यासाठी ऊस तोडावा लागतो. पहाटे फडात जायचे, ऊस तोडायचा, वाढे बाजूला करायचे, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीत चढवायच्या. रात्री-अपरात्री वाहन आले तरी उठायचे. राहणे पाचटाच्या कोपीत. पाणी, संडास, उजेड ह्यांची वानवा. आजारपणात किंवा बाळंतपणात काम बुडाले की खाडा लागतो आणि दंड कापला जातो. हंगाम संपून हिशेब झाला आणि उचल फिटली नाही, तर तीच पुढच्या वर्षाच्या डोक्यावर बसते. ह्या कष्टांतूनच राज्याचा साखरधंदा उभा आहे. २०२३-२४ च्या हंगामात महाराष्ट्रातील कारखान्यांनी दहा कोटी टनांहून अधिक ऊस गाळला, आणि त्यातील फार मोठा भाग माणसांच्या हातांनी तोडलेला होता.

फिलिपिन्स ह्या देशाचे उदाहरण येथे आठवते. तेथील लाखो स्त्री-पुरुष आखाती देशांत, हाँगकाँगमध्ये, जगभरच्या जहाजांवर काम करतात. १९८८ साली तत्कालीन राष्ट्राध्यक्षा कोराझोन अक्विनो ह्यांनी हाँगकाँगमधील घरकाम करणाऱ्या आपल्या भगिनींना देशाच्या नव्या वीरांगना म्हणून गौरविले. त्यांच्या वाट्यालाही मालकाचा छळ, दलालाचे कर्ज, मुलांचा विरह हे सर्व आहेच. तरी निदान त्यांनी पाठविलेला पैसा मोजला जातो. तो त्या देशाच्या एकूण उत्पन्नाच्या आठ-नऊ टक्क्यांएवढा असतो. आमच्या मुखेड-जळकोटच्या माणसाने फडातून किंवा पुण्याच्या इमारतीवरून घरी पाठविलेला पैसा कोणत्याही सरहद्दीवरून जात नाही, म्हणून तो कोणत्याच वहीत चढत नाही. त्यावर घराचे पत्रे येतात, बोअर पडते, मुलगी उजवली जाते, सावकार थोडा मागे हटतो. पण जिल्ह्याच्या उत्पन्नात त्याचा आकडा सापडत नाही. आम्हास वाटते, ज्याची मोजणी होत नाही, त्याची मजुरी ठरविताना कोणाला घाई नसते.

शाळेची गोष्टही तीच. अण्णाभाऊंची शाळा दीड दिवसात सुटली. ऊसतोडणीच्या मुलांची दरवर्षी अर्ध्यावर सुटते. १९९० च्या दशकात कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा निघाल्या. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाल्यावर मुलांनी नियमित शाळेतच असावे, ह्या विचाराने त्यांतील बहुतेक बंद झाल्या. गावात मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे आणि बरोबर जाणाऱ्यांसाठी शिक्षण हमी कार्ड अशी सोय करण्यात आली. सोय चांगली आहे. परंतु आठ-दहा वर्षांच्या मुलीला मागे ठेवून जाण्याचा धीर कित्येक आयांना होत नाही, आणि फडात नेलेली मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळण्यात गुंतते.

अण्णाभाऊंची जन्मशताब्दी १ ऑगस्ट २०२० रोजी आली. त्या वर्षी टाळेबंदी होती. ज्याने बालपणी चालत मुंबई गाठली, त्याच्या शताब्दीच्या वर्षी लाखो कामगार शहरांतून चालत गावाकडे निघाले होते. ८ मेच्या पहाटे औरंगाबादजवळ करमाड येथे, जालन्याच्या पोलाद कारखान्यातून मध्य प्रदेशातील आपल्या घरी निघालेले १६ मजूर रुळांवर थकून झोपी गेले असता मालगाडीखाली सापडले. तो मार्ग रेल्वेच्या नांदेड विभागातला. त्यांच्या शिदोरीतील चपात्या रुळांवर पसरलेल्या छायाचित्रांतून साऱ्या देशाने पाहिल्या. कारखान्यांवर अडकलेल्या सव्वा लाखाहून अधिक ऊसतोड कामगारांना एप्रिलच्या मध्यास परतण्याची परवानगी मिळाली होती. तोवर ते कोप्यांतच होते.

त्या वर्षी नांदेड-लातुरात १ ऑगस्टची मिरवणूक निघाली नाही. मोजक्या माणसांनी चौकात जाऊन हार घातले. पुढे शरद ऋतूत ऊसतोड कामगारांनी दरवाढीसाठी कोयता बंद ठेवला. ऑक्टोबरअखेर १४ टक्के वाढीचा तोडगा निघाला. जानेवारी २०२४ मध्ये आणखी ३४ टक्के वाढ मिळाली. तोडगा निघाला त्या आठवड्यातच बालाघाटावरून भांडीकुंडी, अंथरुणे, शेळ्या आणि मुले भरलेले ट्रॅक्टर पुन्हा कारखान्यांच्या वाटेला लागले.